उघड्यावर पोर्ट्रेट काढताना फोकल लेंथ आणि अॅपर्चरच्या या चुका टाळा

पाडव्याच्या सकाळी अंगणात मी बहिणीचा नऊवारीतला फोटो काढला. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर तो देखणा दिसत होता. संगणकावर मोठा करून पाहिल्यावर मात्र नथीचा मोती न मोती स्पष्ट आणि दोन्ही डोळे धूसर, असे चित्र समोर आले. ८५ मिमी फोकल लेंथची लेन्स (हा आकडा मोठा तितके दृश्य जवळ दिसते), अॅपर्चर म्हणजे लेन्समधले प्रकाश आत येण्याचे छिद्र एफ/१.८ (एफचा आकडा लहान तितके छिद्र मोठे) आणि दीड मीटर अंतर, असे त्या वेळचे सेटिंग होते. फुल-फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर एवढ्या जवळून स्पष्टतेची खोली, म्हणजे पुढून मागे जेवढा पट्टा स्पष्ट दिसतो ती, जेमतेम साडेतीन सेंटीमीटर मिळते, म्हणजे फोकस नथीवर बसला की डोळे सहज त्या पट्ट्याबाहेर जातात. तिथूनच एफ/४ ठेवले असते, तर ती खोली सुमारे साडेसात सेंटीमीटर झाली असती. महागडी लेन्स घेतली म्हणून ती कायम पूर्ण उघडीच ठेवणे, ही माझ्या मते सर्वांत जास्त फोटो बिघडवणारी सवय आहे. फोकस बिंदू कॅमेऱ्याकडच्या डोळ्यावर स्वतः न्यावा, आणि दोन व्यक्ती किंचित पुढेमागे उभ्या असतील तर एफ/५.६ पासून सुरुवात करावी.

नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसले की दोष वाइड लेन्सला, म्हणजे कमी फोकल लेंथच्या रुंद दृश्य टिपणाऱ्या लेन्सला, दिला जातो. खरे कारण अंतर हे असते. २४ मिमीने चेहरा चौकटीत भरण्यासाठी आपण अगदी जवळ जातो, त्यामुळे कॅमेऱ्यापासून नाकाचे आणि कानांचे अंतर यांतील प्रमाण बदलते. म्हणून आधी दोन-अडीच मीटरवर उभे राहावे आणि मग तिथून हवी ती चौकट देणारी फोकल लेंथ निवडावी. एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ५० मिमीची साधी लेन्सही या कामाला उत्तम आहे.

किट लेन्सने (कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या साध्या लेन्सने) पार्श्वभूमी धूसर होत नाही, अशी तक्रार असते, पण त्या फोटोंत माणूस बहुधा भिंतीला टेकून उभा असतो. त्याला भिंतीपासून पाच-सहा मीटर पुढे आणून ५५ मिमी आणि एफ/५.६ वर जवळून फोटो घ्यावा. फरक लगेच दिसेल.

भर उन्हात आणखी एक अडचण येते. आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) १०० आणि एफ/२ असताना योग्य उजेडासाठी सुमारे १/६४०० सेकंदाचा शटर स्पीड लागतो, तर अनेक प्राथमिक कॅमेरे १/४००० वरच थांबतात, त्यामुळे कपाळ आणि गाल पांढरेफटक पडतात. अशा वेळी अॅपर्चर थोडे बंद करावे किंवा प्रकाश आठपट कमी करणारा एनडी फिल्टर (लेन्सपुढे लावायची गडद काच) लावावा, म्हणजे तोच शटर स्पीड १/८०० वर येतो. फिल्टर नसेल तर माणसाला आंब्याच्या दाट सावलीच्या कडेला, तोंड मोकळ्या आकाशाकडे करून उभे करावे. तिथे डोळेही मिचकावे लागत नाहीत.