जुनी जर्मन वर-खाली दुनळी घेताय? आधी नळ्या काढून उलट्या करा

जुनी जर्मन वर-खाली दुनळी, म्हणजे एकावर एक दोन नळ्यांची छऱ्यांची बंदूक, समोर आली की माणूस आधी नक्षी बघतो, ते हरीण, ती ओकची पानं, मग दस्त्याच्या लाकडातल्या रेषा, आणि तिथेच फसतो. मी पण फसलोय. पहिली घेतली तेव्हा नळ्या आतून आरशासारख्या चकचकीत होत्या म्हणून मी खूश, नंतर गनस्मिथने गेज लावला तेव्हा कळलं की गंजाचे खड्डे घालवायला आधीच्या कुणीतरी आतून एवढं घासलंय की वरच्या नळीची भिंत एका जागी पार पातळ झालीय. नक्षी मात्र अजून सुंदर आहे, भिंतीवर टांगलीय.

तर लायसन्स आणि कागदपत्रांचं आधी बघा (तुमच्याकडे जो कायदा असेल तो), बंदूक हातात आल्यावर उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत ना ते स्वतः बघा, विकणारा कितीही म्हणाला रिकामीच आहे तरी. मग पुढचं लाकूड काढा, नळ्या वेगळ्या करा आणि उलट्या करून उजेडात धरा. बंदुकीची खरी कुंडली तिथे असते, वरच्या पट्टीवर (नळीवरची लांब पट्टी, जिच्यावरून नेम धरतात) नाही.

वरच्या पट्टीवर जे नाव असतं ते बऱ्याचदा दुकानदाराचं असतं. जर्मनीतल्या थुरिंगिया भागातल्या झूल गावात घराघरात कारागीर होते, कुणी नळ्या करायचा, कुणी लॉक (घोड्याची यंत्रणा), कुणी दस्ता, आणि तयार बंदुकीवर भलत्याच शहरातल्या दुकानाचं नाव कोरलं जायचं. त्यामुळे नाव ओळखीचं नाही म्हणून बंदूक टाकाऊ असं अजिबात नाही, उलट अशा बिननावाच्या बंदुकांत कधीकधी फार सरस काम सापडतं. ओळखीची नावं म्हणजे मेर्केल (१८९८ पासून झूलमध्ये), झाउअर (१७५१ पासून, युद्धानंतर एकर्नफोर्डेला गेले), क्रीगहॉफ (मूळ झूलचेच, युद्धानंतर उल्मला). १९४५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकन सैन्य झूलमध्ये आलं आणि जुलैत सोव्हिएत, म्हणून काही कारखाने पश्चिमेला गेले आणि मेर्केल पूर्व जर्मनीत राहिली. पूर्व जर्मनीतली म्हणून नाक मुरडणारे लोक भेटतात, त्यांचं ऐकू नका, त्या काळातल्या मेर्केल दणकट असतात, फक्त नंतरच्या काहींचं लाकूड आणि फिनिश जरा साधं वाटतं.

आता शिक्के, म्हणजे नळ्यांची चाचणी झाली की त्यांवर मारलेल्या खुणा. मुकुटाखाली यू म्हणजे तपासणी झाली, मुकुटाखाली डब्ल्यू म्हणजे नळीला चोक आहे (तोंडाशी नळी जरा आवळलेली), आणि मुकुटाखाली जी दिसला तर थांबा, ती नळी रायफलची आहे, म्हणजे तुमच्या हातात शॉटगन नाही तर एक नळी छऱ्यांची आणि एक गोळीची अशी जोडबंदूक आहे. जाहिरातीत बॉकडोपेलफ्लिंटे लिहिलं असेल तर दोन्ही छऱ्यांच्या, बॉकब्युक्सफ्लिंटे असेल तर जोडबंदूक, शब्द सारखे दिसतात म्हणून घाईत भलतीच मागवणारे आहेत. मुकुटवाले शिक्के १८९१ च्या कायद्यातले, नंतर १९३९ च्या कायद्याने गरुड आला आणि गरुडाखाली एन म्हणजे नायट्रो पावडरची चाचणी. जुन्या नळ्यांवर नुसता नायट्रो असा शब्द पण असतो. दोन्ही काही नसेल तर आजचं काडतूस त्यात घालायचा विचार सोडा, नक्षी कितीही भारी असो.

तारीख पण तिथेच मिळते. युद्धाआधीच्या झूलच्या नळ्यांवर ६ ३६ असे आकडे दिसले तर जून १९३६ ला चाचणी झाली. युद्धानंतरच्या पश्चिम जर्मन बंदुकांवर दोन अक्षरं असतात, ए म्हणजे ०, बी म्हणजे १ असं आय म्हणजे ८ पर्यंत आणि मग जे सोडून के म्हणजे ९, तर एचसी म्हणजे ७२. विकणारा सत्तरच्या दशकातली म्हणतोय आणि शिक्का वेगळंच सांगतोय असं झालं तर त्याच्या बाकीच्या गोष्टींवर पण डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, चेंबरची, म्हणजे नळीच्या मागे काडतूस बसतं त्या जागेची लांबी. जुन्या जर्मन १२ आणि १६ बोअरमध्ये (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचं माप) ६५ मिलिमीटरचं चेंबर सर्रास असतं, आज दुकानात मिळतं ते काडतूस ७० चं. आणि गोची अशी की ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये आरामात बसतं, कारण ७० ही उडवल्यानंतर तोंड उलगडलेल्या काडतुसाची लांबी आहे, न उडवलेलं आखूडच असतं. म्हणजे बसलं, बंदूक बंद झाली, सगळं ठीक वाटलं, आणि उडवल्यावर तोंड उलगडायला जागाच नाही, ते पुढच्या निमुळत्या भागात अडकतं आणि दाब वाढतो. म्हणून बसतंय ना मग चालतंय हे लॉजिक इथे चालत नाही. शिक्क्यात १२/७० किंवा नुसतं ७० दिसलं तर बरं, काहीच लिहिलेलं नसेल तर ६५ च धरून चाला आणि मोजून घ्या. चेंबर गेज सगळ्यात चांगला, नसेल तर बारीक स्टीलची पट्टी आत सरकवून पायरी कुठे लागते ते बघा, अंदाज येतो. शिक्का ६५ चा आणि मोजल्यावर ७० भरलं तर कुणीतरी नंतर चेंबर लांबवलंय, मग त्यानंतर परत प्रूफ, म्हणजे शिक्क्याची चाचणी, झालंय का ते विचारा, नवा शिक्का दिसला नाही तर मी तरी घेणार नाही. ६५ ची काडतुसं अजून बनतात, त्यामुळे ६५ आहे म्हणून बंदूक सोडायची गरज नाही. १६ बोअर जर्मनांची लाडकी, हलकी आणि हातात फार छान, पण काडतुसं १२ इतकी सहज मिळत नाहीत हे आधीच लक्षात घ्या. आणि स्टीलचे छर्रे जुन्या घट्ट चोकमधून नकोतच.

नळ्या आतून बघताना उजेडाकडे धरा आणि हळूहळू फिरवा. सावलीची गोल रिंग दिसली तर तिथे फुगवटा आहे. खड्डे बहुतेक चेंबरच्या पुढे असतात, जुन्या काळच्या काडतुसांची टोपी (पिन आपटल्यावर पेटणारी, बुडातली) गंज आणणारी होती, गंज न आणणारी सिनॉक्सिड टोपी १९२८ ला आली आणि जुना माल त्यानंतरही चालत राहिला. थोडे उथळ खड्डे चालतात, मला तर ते बरेच वाटतात, कारण मग आतून घासलेली नाही हे कळतं. १२ बोअरच्या नळीचं ठरलेलं आतलं माप १८.५ मिलिमीटर, पण शिक्क्यातलं माप आणि आत्ताचं माप जुळतंय का हे बघायचं, फरक जास्त असेल तर भिंतीची जाडी गनस्मिथकडून मोजून घ्या. नळीच्या पातळ भागात अर्ध्या मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर नमस्कार करून परत द्या.

मग नळ्या हुकाला टांगून लाकडी हँडलने हलकेच टकटक करा. घंटेसारखा आवाज आला तर पट्ट्यांचा डाख शाबूत, फुटक्या मडक्यासारखा आला तर पट्टी कुठेतरी सुटलीय. सुटलेल्या पट्टीखाली ओल जाते आणि आत काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही.

लॉकअपचं, म्हणजे नळ्या बॉडीत किती घट्ट बसतात त्याचं बोलू. मेर्केलमध्ये आणि तिच्यासारख्या झूलच्या बंदुकांत वरच्या नळीच्या दोन्ही बाजूंना मागे दोन कान निघालेले असतात, ते बॉडीतल्या खाचांत बसतात आणि आडवा बोल्ट दोन्हीतून जातो, याला केर्स्टन म्हणतात. वर हे आणि खाली नळीचे हूक, त्यामुळे पकड जबरदस्त, पण बंदूक उंचीला जरा जाड होते आणि काडतूस भरताना ते कान बोटांना लागतात, सवय होते. तपासायला पुढचं लाकूड न लावता नळ्या बसवा, बंद करा, मनगटाशी धरून हलवा, कटकट आवाज आला तर सांधा ढिला. मग पातळ कागदाची पट्टी नळी आणि बॉडीच्या मध्ये धरून बंद करा, सहज निघून आली तर ढिलाई आहेच. मेणबत्तीची काजळी लावून बंद-उघड केलं की नक्की कुठे टेकतंय ते दिसतं. वरची किल्ली बंद झाल्यावर मधोमध किंवा किंचित उजवीकडे थांबावी, डावीकडे गेली असेल तर झिजलीय. क्रीगहॉफची ३२ मालिका वेगळी, तिच्यात वरून सरकणारं झाकण नळीवर येतं आणि दोन नळ्यांमध्ये मोकळी फट असते, ती फट बघून काही तुटलंय असं समजू नका.

ट्रिगर बघताना खोटी काडतुसं घाला, रिकामी टकटक करू नका, पिन तुटते. एकच नळी उडवा आणि उघडा, मेर्केलच्या नंबरपुढे ई असेल (२०० ई, २०३ ई वगैरे) तर इजेक्टर (काडतूस बाहेर फेकणारा भाग) आहे, मग उडवलेलंच बाहेर फेकलं गेलं पाहिजे, दुसरं नुसतं वर यावं. सेफ्टी लावून दोन्ही ट्रिगर ओढा, सोडा, मग सेफ्टी काढा, आतला घोडा पडला तर बंदूक खाली ठेवा. जुना सिंगल ट्रिगर बिघडला तर दुरुस्त करणारा शोधता शोधता घाम फुटतो, मला तरी दोन ट्रिगरवाली बरी.

बाकी पटापट. तिन्ही भागांवरचे नंबर जुळतात का बघा, नळ्या, बॉडी आणि पुढच्या लाकडाचं लोखंड, पुढचं लाकूड दुसऱ्याच बंदुकीचं असेल तर नवं बसवून घ्यायचा खर्च बराच. स्क्रूच्या खाचा कुरतडलेल्या असतील तर आत कुणीतरी हौशी माणूस जाऊन आलाय. नक्षीच्या कडा गुळगुळीत आणि शिक्के पुसट असतील तर पॉलिश मारून परत काळी केलीय. दस्त्याला बॉडीच्या मागे तडा असतो, तेल पिऊन तो भाग काळा झालेला असतो तिथे नीट बघा. पट्ट्याच्या कड्या असतात त्या जर्मन पद्धतच, काढू नका. आणि गालाची उशी असेल तर ती उजव्या हाताच्या माणसासाठी असते, डावखुरे असाल तर आधी गालाला लावून बघा, दस्ता पण जुन्या चालीचा खाली झुकलेला असतो, गाल लावल्यावर पट्टी दिसतच नसेल तर नेम खाली जातो.

सगळं जमलं आणि घेतलीच, तर पहिली फायर हलक्या काडतुसाने, एका वेळी एकच, आणि उडवलेलं काडतूस उचलून बघा, टोपीवर पिनची खूण मधोमध हवी, टोपी मागे सरकलेली नको आणि तोंड पूर्ण उलगडलेलं हवं, तोंड चुरगळलेलं किंवा फाटलेलं असेल तर चेंबर परत मोजा.