कोरड्या डोळ्यांसाठी थेंब कसे निवडावेत?

डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, संध्याकाळी चुरचुर वाढते, वाचताना अक्षरं धूसर होतात आणि पापण्या मिटून उघडल्या की पुन्हा स्पष्ट दिसतात. ही कोरडेपणाची नेहमीची लक्षणं. कोरड्या डोळ्यांतून घळाघळा पाणीही येतं, कारण चुरचुरीमुळे डोळा एकदम पाणी सोडतो. ते टिकत मात्र नाही.

आधी लेबलवरचे घटक वाचा. कार्बोक्सिमिथाइलसेल्युलोज, हायप्रोमेलोज किंवा सोडियम हायलुरोनेट असेल तर ते वंगणाचे थेंब. नाफाझोलीन किंवा टेट्राहायड्रोझोलीन दिसलं तर बाटली परत ठेवा. ही औषधं रक्तवाहिन्या आकसवून लाली घालवतात. कोरडेपणा तसाच राहतो, आणि सारखी वापरली तर असर उतरल्यावर डोळे आणखी लाल होतात. घरात पडून असलेले स्टिरॉइडचे थेंब तर मुळीच नकोत, त्यांनी डोळ्यांतला दाब वाढू शकतो.

मग प्रिझर्व्हेटिव्ह बघा. माझ्या मते बाटलीवरच्या नावापेक्षा हे जास्त महत्त्वाचं. बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे प्रिझर्व्हेटिव्ह बाटलीत जंतू वाढू देत नाही, पण वारंवार डोळ्यांत गेलं तर बुबुळावरच्या नाजूक पेशींना त्रास देतं. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा थेंब लागत असतील, तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलेच घ्या. ते छोट्या एकवापरी नळ्यांत मिळतात. टोक पिरगाळून तोडायचं, थेंब घालायचा, उरलेलं उद्यासाठी ठेवायचं नाही.

पातळ थेंब दिवसा बरे. जेल आणि मलम जास्त वेळ टिकतात, पण नजर धूसर करतात, म्हणून ते झोपताना. पापण्यांच्या कडेच्या तेलग्रंथी तुंबल्या असतील तर तेलयुक्त थेंबांचा उपयोग होतो.

घालताना हात धुवा, खालची पापणी हलकेच ओढा आणि तिथे झालेल्या खळग्यात एकच थेंब सोडा. बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका. मिनिटभर डोळे मिटा. दुसरं औषध असेल तर निदान पाच मिनिटं थांबा. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर त्यांच्यासोबत चालतील असं लेबलवर लिहिलेलेच थेंब घ्या.

डोळा दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, पू येत असेल किंवा नजर कमी झाली असेल, तर थेंब बदलत बसू नका, लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जा. डोळ्यांबरोबर तोंडही सतत कोरडं पडत असेल, तर तेही त्यांना आवर्जून सांगा.