अमेरिकेतला एटीसी: लष्कराचा पगार आणि एफएएचा पगार कसा ताडून पाहावा

अमेरिकेच्या लष्करात विमान वाहतूक नियंत्रकाचं काम करणारे बहुतेक जण लष्कर सोडून एफएएत (अमेरिकेची नागरी विमान वाहतूक सांभाळणारी सरकारी संस्था) जावं का हे ठरवताना तुलनेची सुरुवातच चुकीची करतात. एका बाजूला स्वतःचा बेसिक पे (मूळ पगार), दुसऱ्या बाजूला एफएएचा वार्षिक पगार. या दोन आकड्यांची जातच वेगळी. पहिल्यात घरभाडं धरलेलं नसतं, दुसऱ्यातून ते भरायचं असतं.

आधी एलईएस, म्हणजे महिन्याचं पगारपत्रक काढा आणि तीन रकमा वेगळ्या लिहा: बेसिक पे, बीएएच (घरभाडे भत्ता) आणि बीएएस (जेवणाचा भत्ता). बेसिक पे हुद्दा आणि सेवेची वर्षं यांवर ठरतो. टॉवरमध्ये बसता की गोदामात, त्यानं फरक पडत नाही. बीएएच आणि बीएएसवर संघीय आयकर लागत नाही, सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरची ७.६५ टक्के कपातही नाही. बराकीत राहणाऱ्याला बीएएच रोख मिळत नाही, पण खोली फुकट असते. अशांनी बाहेर खोली घ्यायला जे भाडं पडेल ते या जागी लिहावं.

आता हे भत्ते करपात्र पगारात बदला. समजा दोन्ही मिळून महिन्याला २,५०० डॉलर आहेत आणि नागरी पगारावर तुमचा आयकराचा वरचा टप्पा २२ टक्क्यांचा असेल. २२ आणि ७.६५ मिळून २९.६५ टक्के जातात, म्हणून २,५०० ला ०.७०३५ नं भागा. उत्तर सुमारे ३,५५४ डॉलर. तेवढा जादा करपात्र पगार मिळाला तरच हातात तेच पैसे उरतील. राज्याचा आयकर असेल तर तोही टक्क्यांत मिळवा. सैनिक नेमणूक कुठेही असली तरी आपलं मूळ राज्य कायम ठेवू शकतो. टेक्सास किंवा फ्लोरिडाचा असेल तर पगारावर राज्याचा आयकरच नसतो. नोकरी बदलल्यावर ही सवलत संपते, आणि नेमका हाच आकडा धरायचा राहतो.

एफएएच्या बाजूला “नियंत्रकाचा पगार” असा एक आकडा नाहीच. केंद्रांचे स्तर ४ ते १२ आहेत. अटलांटा आणि शिकागोच्या ओहेअर विमानतळांचे टॉवर १२ व्या स्तरावर, लहान विमानतळ खालच्या स्तरांवर. स्तराच्या पगारपट्ट्यावर त्या भागाचा लोकॅलिटी पे (स्थानिक भत्ता) टक्केवारीनं चढतो. त्यामुळे केंद्राचं नाव ठरल्याशिवाय हिशेब करण्यात अर्थ नाही.

दुसरी मोठी चूक म्हणजे पहिल्या दिवसापासून सीपीसीचा, म्हणजे पूर्ण प्रमाणित नियंत्रकाचा, पगार धरणं. नवा माणूस त्या केंद्रावर डेव्हलपमेंटल (प्रशिक्षणार्थी) असतो. एकेक पोझिशन (नियंत्रणाची जागा) प्रमाणित होत जाते तसा पगार पायरीपायरीनं चढतो, आणि सगळ्या पोझिशन झाल्यावर तो सीपीसी होतो. लष्करातला अनुभव दांडगा असला तरी नव्या हवाई क्षेत्राचं प्रशिक्षण चुकत नाही. मोठ्या केंद्रात हा काळ काही वर्षांचा असू शकतो, आणि प्रशिक्षण जमलं नाही तर खालच्या स्तरावर बदली होते किंवा नोकरीच जाते. म्हणून पहिल्या पाच वर्षांचा तक्ता वर्षवार मांडा. एकाच वर्षाच्या तुलनेवर निर्णय घेऊ नका.

पाळीचे पैसे वेगळ्या रकान्यात ठेवा: रात्रीचे १० टक्के, रविवारचे २५ टक्के, ओव्हरटाइम दीडपट. लष्करात यातलं काहीच नाही. मनुष्यबळ कमी असलेल्या केंद्रांत सहा दिवसांचा आठवडा नेहमीचा, त्यामुळे वार्षिक रक्कम मोठी दिसते. ती तासांनी भागून पाहा. शिवाय हे पैसे पेन्शनच्या हिशेबात धरले जात नाहीत.

पेन्शनचं गणित सगळ्यात जास्त वेळ मागतं. लष्कराच्या २०१८ पासूनच्या बीआरएस या पेन्शन योजनेत २० वर्षांना बेसिक पेच्या सरासरीच्या ४० टक्के मिळतात, पण २० वर्षं पुरी न करता बाहेर पडलात तर मासिक पेन्शन शून्य. टीएसपीतली (निवृत्तीसाठीच्या बचत खात्यातली) शिल्लक तेवढी सोबत येते. एफएएत नियंत्रक म्हणून पहिल्या २० वर्षांना दर वर्षी १.७ टक्के आणि पुढे १ टक्का, तीन सर्वोच्च वर्षांच्या सरासरीवर. २०१४ पासून लागलेल्यांची यासाठी ४.९ टक्के कपात होते.

दोन्ही पेन्शनी घेऊ म्हणणाऱ्यांनी वय तपासावं. एफएएत साधारण ३१ च्या आत शिरावं लागतं, सलग ५२ आठवड्यांचा नियंत्रणाचा अनुभव असेल तर मर्यादा ३५ पर्यंत जाते. अठराव्या वर्षी भरती झालेल्याची २० वर्षं ३८ व्या वर्षी भरतात. त्याला उरतात ते मुख्यतः कंत्राटी टॉवर, म्हणजे एफएएसाठी खासगी कंपन्या चालवतात ते. तिथे एफएएसारखा ५६ व्या वर्षीच्या सक्तीच्या निवृत्तीचा नियम नाही, पण एफएएची पेन्शनही नाही. लष्कराची पेन्शन हातात असलेल्याला ते परवडतं, बाराव्या वर्षी बाहेर पडलेल्याला सहसा नाही.

लष्करी पेन्शन न घेता एफएएत आलात तर लष्करी सेवेची वर्षं एफएएच्या पेन्शनसाठी विकत घेता येतात: त्या काळातल्या बेसिक पेच्या ३ टक्के. ती वर्षं १ टक्का दरानं मोजली जातात, नियंत्रक म्हणून लागणाऱ्या २० वर्षांत मात्र धरली जात नाहीत. डीडी २१४ (लष्करातून बाहेर पडल्याचा दाखला) जोडून आरआय २०-९७ अर्जावर आपल्या सेवादलाच्या वित्त कार्यालयाकडून कमाईचा आकडा मागवा, मग पैसे भरण्यासाठीचा एसएफ ३१०८ अर्ज भरा. पहिली २ वर्षं व्याज लागत नाही, म्हणून आरआय २०-९७ अर्ज रुजू झाल्याच्या महिन्यातच पाठवा.