म्हाताऱ्या उंदराची डिस्क तपासताना या चुका टाळा

'वयानुसार डिस्क (दोन मणक्यांमधली गादी) ताठर होत जाते' असा आलेख घेऊन कुणी आलं, की मी आधी एवढंच विचारतो: म्हातारे नमुने भार देऊन ताठरपणा मोजणाऱ्या मशीनवर किती वाजता लावले होते?

हे शहाणपण फजितीतून आलंय. उंदरांच्या शेपटीतल्या डिस्क होत्या. सगळ्या एकदमच काढून ठेवलेल्या. सकाळी तरुण नमुने लावले, दुपारी म्हातारे. आलेख इतका देखणा आला की आम्ही हरखून गेलो. मग राहून गेलेला एक तरुण नमुना संध्याकाळी लावला, आणि तो म्हाताऱ्यांपेक्षाही ताठर निघाला! आम्ही वय मोजतच नव्हतो, टेबलावर वाळण्यात गेलेले तास मोजत होतो. उंदराची डिस्क मिलिमीटरभरही उंच नसते, तिला वाळायला कितीसा वेळ लागणार? डिस्कच्या मधल्या गरात पाणी धरून ठेवतं ते अ‍ॅग्रिकन, म्हणजे साखरेच्या साखळ्या जोडलेलं एक प्रथिन. वयानुसार ते तुटतं, पाणी कमी होतं, आतला दाब उतरतो. आपल्याला पकडायचाय तो हा बदल, आणि वाळलेला नमुना नेमका तोच झाकतो.

तेव्हापासून मशीनच्या पकडीत बसवतानाही नमुन्याभोवती सलाईनचं ओलं गॉज असतं, चाचणी सलाईनच्या बाथमध्येच होते आणि क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो. मशीन चालवणाऱ्याला नमुन्याचं वय सांगतच नाही. 'घाई होती म्हणून बाथ लावला नाही' हे कारण माझ्याकडे चालत नाही. आणि बाथमध्ये डिस्टिल्ड वॉटर ओतू नका, डिस्क टम्म फुगते.

दुसरी चूक घाईचीच. दोन महिन्यांचा उंदीर 'तरुण' म्हणून घ्यायचा आणि चोवीस महिन्यांच्या उंदराशी ताडून पाहायचा. अहो, तो अजून वाढतोय! त्या फरकात वाढ किती आणि म्हातारपण किती, हे कसं सांगणार? मी सुरुवात चार-सहा महिन्यांपासून करतो, मध्ये वर्षभराचा एक गट ठेवतो, आणि ताठरपणाला डिस्कच्या क्षेत्रफळाने भागून उंचीने गुणल्याशिवाय तुलना करत नाही. दोन वर्षं थांबायचा धीर नसलेले डिस्कला सुई टोचतात आणि त्यालाच 'वार्धक्य' म्हणतात. बाहेरचं कडं फुटून दाब एका झटक्यात गेला, तर ती जखम झाली.

उंदरावरून थेट माणसावर उडी मारू नका. डिस्कच्या गरात नोटोकॉर्डच्या (गर्भातल्या कण्याच्या आधीच्या दांड्याच्या) पेशी उरलेल्या असतात; माणसात त्या लहानपणीच जवळजवळ संपतात, उंदरात त्या मोठेपणीही टिकतात.

भार देऊन काढण्याच्या पहिल्या फेरीची भार-हालचालीची वक्ररेषा वापरू नका, आधी काही फेऱ्या फिरवून घ्या. डिस्कला जोडलेली हाडं पकडीत घट्ट बसवायला वापरायचं बोन सिमेंट घट्ट होताना तापतं, तेवढा वेळ डिस्क थंड ओल्या गॉजमध्ये ठेवा.

विचित्र आकडे आले तर आधी मशीन तपासा. डिस्कच्या जागी पोलादाचा तुकडा लावून तेवढाच भार द्या. जी हालचाल दिसेल ती बहुतेक सगळी मशीनची आणि पकडीची, ती वजा करा.