फ्लेमिंगो बघायला जाताय? आधी तिथी बघा

नवी मुंबईत नेरूळच्या पाणथळीवर पोचलो आणि चिखलाशिवाय काही दिसलं नाही, असं दोनदा झालं. ओहोटीला पक्षी खाडीतल्या चिखलावर खायला पसरतात. भरतीने तो बुडाला की आत येऊन एका पायावर उभे राहतात.

कोळ्यांचा हिशेब सोपा: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. एकादशीला 11 ची पाऊणपट, सकाळी सव्वाआठ. त्रयोदशीला पावणेदहा. नोव्हेंबर ते मे, शुद्ध-वद्य कुठल्याही पक्षात या तिथ्या पकडा आणि तासभर आधी पोचा. पौर्णिमेला भरती भर दुपारी, डोकं तापतं. अष्टमीला भांगाची भरती, म्हणजे पाणी जेमतेम चढतं.

वेळ अर्धा तास मागेपुढे धरा. फोटोसाठी चिखलात मात्र उतरू नका, पाय गुडघ्यापर्यंत रुततो.