घरचं वायफाय, तीन वाटण्या करून

राजारामपुरीत आमचं खाली दुकान, वर बिऱ्हाड, इंटरनेटची लाइन एकच. भावा, आधी राउटरचा ॲडमिन पासवर्ड, म्हणजे सेटिंगमध्ये शिरायचा, तो बदल. तो वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा ठेव. डब्ल्यूपीएस, म्हणजे बटण दाबून किंवा पिननं जोडायची सोय, बंद. सुरक्षा, म्हणजे वायफायचं कुलूप, डब्ल्यूपीए३. जुना फोन जोडला जात नसेल तर डब्ल्यूपीए२.

मग खरं काम, व्हीलॅन, म्हणजे एकाच लाइनीवर नंबर देऊन वेगळी केलेली नेटवर्कं. १० वर घरचे फोन-लॅपटॉप, २० वर कॅमेरे आणि टीव्ही, ३० वर गिऱ्हाइकं-पाहुणे. फायरवॉलमध्ये, म्हणजे कुठून कुठं जाऊ द्यायचं ते ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये, १० मधून २० कडे जाऊ दे, उलट वाट बंद. स्वस्त कॅमेऱ्यांना अपडेट क्वचित मिळतात, माझा त्यांच्यावर अजिबात भरवसा नाही. व्हीलॅनची सोय नसेल तर गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांचं वेगळं वायफाय, चालू कर, कॅमेरे तिथं जोड. गेस्टवरून राउटरचं सेटिंगचं पान ब्राउझरमध्ये उघडून बघ, त्याचा पत्ता बऱ्याच घरी १९२.१६८.१.१ असतो. उघडलं तर आयसोलेशन, म्हणजे गेस्टला घरच्या नेटवर्कपासून तोडायची सोय, लगेच चालू कर.