लाटेचा फोटो: आधी निरीक्षण, मग शटर

कॅमेरा काढण्याआधी वीसेक मिनिटं समुद्र नुसता बघा. मोठ्या लाटा गटाने येतात आणि त्यातली पहिलीच सर्वात मोठी असेल असं नाही. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल तर लाट जास्त वेळ उभी राहते, तिच्या माथ्यावरून तुषार मागे उडतात. सूर्य लाटेमागे खाली असला की पातळ कड हिरवी उजळते. या प्रकाशासाठी पूर्व किनाऱ्यावर पहाटे उठावंच; पश्चिम किनाऱ्यावर तो मावळतीला मिळतो.

शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान, अ‍ॅपर्चर (लेन्सचं प्रकाश आत घेणारं छिद्र) एफ/५.६ ते ८, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ऑटो. पांढऱ्या फेसातला तपशील जास्त प्रकाशाने जळतो, म्हणून एक्स्पोजर (आत येणारा एकूण प्रकाश) अर्धा-पाऊण स्टॉप कमी ठेवा; एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा.

पोर्तुगालच्या नाझारेत कड्यावरून टेलिफोटो (दूरचं जवळ आणणारी) लेन्स चालते. ताहितीच्या तेआहूपोओत मात्र लाट उथळ प्रवाळावर फुटते, तिथे शेजारच्या खोल वाटेत होडी लागते.

पाण्यात उतरायचं तर हाउसिंगचं (कॅमेऱ्याच्या जलरोधक पेटीचं) रबरी ओ-रिंग, म्हणजे झाकणाची गोल सील, बोटाने चाचपा. एक केस किंवा वाळूचा कण अडकला तरी पाणी आत शिरतं. आधी रिकाम्या हाउसिंगमध्ये टिश्यू ठेवून ते बादलीत बुडवा; टिश्यू कोरडा निघाला तरच कॅमेरा आत. काचेवर आतून धुकं येऊ नये म्हणून हाउसिंग कोरड्या, थंड खोलीत बंद करा आणि ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी टाका.